वडिलोपार्जित घराच्या जागी आधुनिकतावादी घर: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांतील अनेक मराठी कुटुंबे जुने घर उतरवून त्याच जागी नवे घर बांधण्याच्या विचारात असतात, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात साध्या, सरळ रेषांचे, मोकळे आणि उजेडाचे घर असते. अशा घराविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आधुनिकतावादी घर आपल्या भागात उत्तम होऊ शकते, याविषयी मला शंका नाही. मात्र त्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, त्यामुळे पुढील उत्तरांत पावसाचा उल्लेख वारंवार येईल.

### आधुनिकतावादी शैली म्हणजे नेमके काय?

दर्शनी भिंतीवर करड्या-पांढऱ्या पट्ट्या, मोठ्या काचा आणि रात्री पेटणारे दिवे एवढ्यावरून घर आधुनिकतावादी ठरत नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात हा विचार आकाराला आला. वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही शाळा सुरू केली, आणि वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९२० च्या दशकात या वास्तुकलेची पाच सूत्रे मांडली: खांबांवर उचललेले घर, भिंतींच्या बंधनातून सुटलेला आराखडा, भार न वाहणारी दर्शनी बाजू, लांबच लांब आडवी खिडकी आणि गच्चीवरची बाग. काँक्रीटच्या खांब-तुळयांनी घराचा भार पेलल्यामुळे भिंत हवी तिथे ठेवण्याची किंवा काढून टाकण्याची मुभा मिळाली, आणि पाचही सूत्रे त्यातून निघाली.

भारतात हा विचार चंदीगड आणि अहमदाबाद येथे रुजला. वास्तुविशारद अच्युत कानविंदे हे मूळचे कोकणातील आचऱ्याचे. त्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि पुढे हार्वर्डमध्ये ग्रोपियस यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार २०१८ मध्ये मिळवणारे बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले. त्यामुळे ही शैली आपल्याला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. घराचा आराखडा माणसांच्या वावरावरून ठरावा, इमारत ज्यावर उभी आहे ते लपवू नये आणि शोभेसाठी वरून काही चिकटवू नये, या तीन गोष्टी पाळल्या गेल्या की घर आधुनिकतावादी होते, मग त्याचा रंग कोणताही असो.

### आपल्या हवामानात अशी घरे टिकतात का?

टिकतात, पण "आपले हवामान" एकच नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; बेळगाव शहरात साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो; अथणीकडे जाता जाता तो पाचशे-सहाशेवर येतो. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यामुळे आपल्या पूर्वजांनीही एकाच पद्धतीची घरे बांधली नाहीत. पश्चिमेला जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंतींवर तीव्र उताराचे कौलारू छप्पर असे, तर पूर्वेच्या कोरड्या भागात जाड भिंतींवर पांढऱ्या मातीचे सपाट माळवद असे.

म्हणजे सपाट छप्पर अथणी, रायबाग या भागाला नवे नाही आणि खानापूरला ते कधीच सोयीचे नव्हते. घर आधुनिकतावादी असले तरी छपराचा निर्णय तालुक्याच्या पावसावरूनच घेतला पाहिजे. पुण्या-मुंबईतील किंवा परदेशातील घराचे चित्र दाखवून "असेच हवे" असे सांगण्यापूर्वी ते घर कोणत्या पावसात उभे आहे, याची चौकशी करावी.

### सपाट स्लॅब गळणार नाही का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि भीती निराधार नाही. पॅरिसजवळ प्वासी येथे १९३१ मध्ये पूर्ण झालेले ल कॉर्बुझिए यांचे व्हिला सव्हॉय हे या शैलीतील जगातील सर्वांत गाजलेले घर, परंतु त्याच्या मालकांना सुरुवातीपासून गळतीच्या तक्रारी कराव्या लागल्या. सपाट दिसणारे छप्पर प्रत्यक्षात सपाट ठेवून चालत नाही.

चांगल्या काँक्रीटचा स्लॅब सहसा मधून गळत नाही. पाणी शिरते ते कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, स्लॅबमधून आरपार गेलेल्या पाइपाच्या कडेने, आणि काम दोन दिवसांत तुटक झाले असेल तर त्या जोडातून. म्हणून स्लॅब शक्यतो एका दमात टाकावा. पाइपाची भोके नंतर फोडू नयेत, सेंटरिंगच्या (काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा बांधण्याच्या) वेळीच जागा सोडावी. आणि कठड्याच्या पायथ्याशी गवंड्याकडून चांगला गोलाकार वाटा (कोपरा भरून केलेली सिमेंटची गोलाई) करून घ्यावा. गच्चीचा उतार शंभरास एक हा किमान धरला जातो, परंतु बेळगाव आणि त्याच्या पश्चिमेला तो ऐंशीस एक, म्हणजे दहा फुटांत दीड इंच ठेवणे मला योग्य वाटते. पाणी बाहेर जाण्याच्या वाटा किमान दोन असाव्यात, कारण आंब्याच्या किंवा पिंपळाच्या पानांनी एक तुंबली की तास-दीड तासाच्या पावसात गच्चीचा हौद होतो. याशिवाय कठड्यात थोड्या उंचीवर जादा पाण्यासाठी एक मोकळे भोक ठेवावे.

ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) ही आपल्याकडील जुनी पद्धत आजही भरवशाची आहे, फक्त कोब्याचे वजन इंजिनिअरच्या हिशेबात आधीपासून धरलेले असले पाहिजे. काम झाल्यावर गच्चीत पाणी साठवून किमान ४८ तास ठेवावे, खालून ओल येत नाही याची खात्री करावी, आणि ही चाचणी कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घ्यावी.

आपल्या भागात घर झाल्यावर तीन-चार वर्षांनी लोखंडी कैच्या उभारून गच्चीवर पत्रे घालण्याची प्रथाच पडली आहे. त्यावर नाके मुरडण्याचे कारण नाही, कारण पाऊस आणि ऊन दोन्ही अडवणारे ते दुसरे छप्पर असते. मात्र ते नंतर घातलेले दिसते, वाऱ्याने खडखडते आणि घराचा तोल बिघडवते. अहमदाबादच्या व्हिला शोधनमध्ये ल कॉर्बुझिए यांनी घराच्या वर छत्रीसारखे दुसरे छत उचलून धरले आहे आणि दोन छतांमधून वारा खेळू दिला आहे. आपणही पत्र्याचे छत पहिल्या दिवसापासून आराखड्यात घेतले, त्याचे खांब खालच्या खांबांच्या रेषेत आणले आणि कडा भिंतींच्या बऱ्याच बाहेर काढल्या, तर तेच घराचे सर्वांत देखणे अंग होऊ शकते. कपडे वाळवायला, मिरच्या-पापड घालायला, पाहुण्यांची पंगत बसवायला कोरडी जागा मिळते ती वेगळीच.

### उतरते कौलारू छप्पर ठेवले तर घर आधुनिकतावादी राहते का?

राहते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी साबरमती आश्रमात १९६३ मध्ये उभारलेले गांधी स्मारक संग्रहालय पाहावे: विटांचे खांब, काँक्रीटच्या तुळया आणि चौरस दालनांवर कौलारू छपरे. भारतीय आधुनिकतावादाच्या उत्तम कामांत त्याची गणना होते. खानापूर, जांबोटी, नंदगड या बाजूला घर असेल तर मी निःसंकोचपणे उतरत्या छपराचा सल्ला देतो. मात्र स्लॅबवर शोभेसाठी कौले चिकटवण्यात अर्थ नाही. छप्पर उतरते करायचे तर खालची जागाही उंच आणि मोकळी मिळाली पाहिजे.

### जुने घर पूर्ण पाडणे आवश्यक आहे का?

नेहमीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत आणि पुरात जिल्ह्यातील मातीच्या भिंतींची कितीतरी घरे कोसळली, आणि तेव्हापासून जुने घर म्हणजे धोका अशी भावना बळावली आहे. ती समजण्यासारखी आहे, तरीही निर्णय तपासणीनंतर घ्यावा. भिंत ओळंब्यात आहे का, तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे कुजली आहेत का, खालच्या दोन-तीन फुटांत लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) लागून माती सुटते आहे का, वाळवी कुठवर पोचली आहे, या चार गोष्टी अनुभवी इंजिनिअरकडून पाहून घ्याव्यात. घडीव दगडाचे जोते आणि पुढचा सोपा, म्हणजे दर्शनी बैठकीची जागा, धड असेल, तर तेवढा भाग राखून मागे परड्याच्या बाजूला नवे बांधकाम करण्याचा मार्ग खुला राहतो. जुन्याची नक्कल न करता त्याच्या शेजारी नवे नव्यासारखे उभे करणे, हेही आधुनिकतावादाला धरूनच आहे.

पाडायचेच ठरले तर जेसीबी लावण्यापूर्वी घराची मापे घेऊन नकाशा काढावा आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर पाडकामाआधी त्यांच्याशी बोलून, दोघांच्या सहीने तिची सद्यस्थिती लिहून ठेवावी. पुढील अनेक भांडणे त्यामुळे टळतात.

### जुन्या घरातील कोणत्या वस्तू नव्या घरात वापरता येतात?

जोत्याचा काळा घडीव दगड पुन्हा जोत्यालाच वापरावा, कारण तसे काम करणारे पाथरवट आता सहजी मिळत नाहीत. जुने सागवान पूर्ण वाळलेले असते, त्यामुळे त्याच्या खिडक्या-दारे पावसाळ्यात फुगत नाहीत; मात्र कापण्यापूर्वी त्यातील सर्व खिळे काढून वाळवी आणि भुंग्याविरुद्ध प्रक्रिया करावी. कोरीव खांबांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: तो खांब खरोखर छप्पर पेलत असेल अशा जागी, म्हणजे पडवीत किंवा चौकाच्या कडेला उभा करावा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात नुसता शोभेला ठेवलेला खांब ना जुन्या घराचा राहतो ना नव्या घराचा होतो.

मंगळुरी कौलांचा एक फार चांगला उपयोग आहे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळ्या घेतात, तेथील काँक्रीट फारसा भार घेत नाही; म्हणून सळ्यांच्या चौकटींमध्ये दोन-दोन कौले एकमेकांवर उपडी ठेवून वर काँक्रीट ओतले तर काँक्रीट वाचते, स्लॅब हलका होतो आणि कौलांमधील पोकळीमुळे उष्णता कमी उतरते. याला फिलर स्लॅब म्हणतात, आणि केरळमध्ये लॉरी बेकर यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला. खालून गिलावा केला नाही तर छताकडे पाहताना आजोबांच्या घराची कौले ओळीने दिसत राहतात. कौले आदल्या दिवशी भिजवून ठेवावीत, फुटकी वगळावीत, आणि सळ्यांची आखणी स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावी.

### मोकळ्या आराखड्यात सोपा, माजघर, देवघर आणि परडे यांचे काय होते?

कुटुंबात सर्वाधिक चर्चा याच मुद्द्यावर होते, आणि ती नकाशा काढण्यापूर्वी झाली पाहिजे. मोकळा आराखडा म्हणजे सगळ्या भिंती काढून एक मोठा हॉल करणे नव्हे. स्वयंपाकघर पूर्ण उघडे ठेवले तर फोडणीचा ठसका आणि मिक्सरचा आवाज घरभर जातो, अभ्यास करणाऱ्या मुलाला कोपरा उरत नाही, आणि दुपारी आडवे होणाऱ्या आजींची पंचाईत होते.

जुन्या घराचा क्रम पाहिला तर त्यात मोठे शहाणपण आहे. रस्त्यावरून आलेला माणूस आधी कट्ट्यावर, मग सोप्यात, आणि जवळचा असेल तरच माजघरात येई. उजेडही त्याच क्रमाने मंदावत जाई आणि परड्यात पुन्हा उघडत असे. हा क्रम भिंतींशिवायही राखता येतो. सोप्याची जमीन माजघरापेक्षा एका पायरीने खाली ठेवावी, मध्ये कमरेइतके कपाट किंवा सरकता पडदा असावा, छताची उंची बदलावी. चौक ठेवण्याइतकी जागा असेल तर तो अवश्य ठेवावा. पावसाच्या भागात वर पारदर्शक पत्रा घालून बाजूने हवा खुली ठेवता येते.

गणपती कुठे बसणार, हा प्रश्न वास्तुविशारदाला पहिल्याच बैठकीत सांगावा. मुंबई, पुणे, गोव्याला गेलेली भावंडे चतुर्थीला आणि लग्नकार्याला एकत्र येतात. त्या दिवशी वीस-पंचवीस माणसे जिथे बसू, जेवू आणि झोपू शकतील अशी एक सलग जागा, आणि तिच्या जवळ एक जादा न्हाणीघर, ही खऱ्या गरजेची गोष्ट आहे. वर्षभर रिकाम्या राहणाऱ्या तीन पाहुण्यांच्या खोल्यांपेक्षा ती स्वस्तही पडते. ज्येष्ठांची खोली तळमजल्यावर, शक्यतो सोप्याला लागून असावी, म्हणजे आल्या-गेल्याशी त्यांचा संबंध राहतो. देवघर लहान असले तरी चालते, पण ते जिन्याखालच्या उरलेल्या जागेत ढकललेले नसावे. वरून येणाऱ्या उजेडाची एक झिरी त्याला फार शोभते.

### बेळगावातील शहापूर-वडगावसारख्या भागात जागा अरुंद आणि लांब असते. तिथे काय करावे?

विणकरांच्या वस्तीत दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि उजेड फक्त पुढून-मागून, अशी जागा सर्रास असते. कोरिया यांनी साठच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेत नळीघर नावाने ओळखले जाणारे घर याच अडचणीवर उभे केले होते: सुमारे ३.६ मीटर रुंद, आत खोल्यांऐवजी वेगवेगळ्या पातळ्या, मध्ये लहान चौक, आणि तापलेली हवा उतरत्या छपराच्या कण्याशी ठेवलेल्या फटीतून वर निघून जाण्याची सोय. आपल्याकडे हाच धडा घेऊन घराच्या मध्यभागी जिना ठेवावा आणि जिन्याचा माथा उंच करून त्याच्या बाजूंना जाळी-खिडक्या द्याव्यात. उजेड तळमजल्यापर्यंत उतरतो, उष्ण हवा वर जाते, आणि जिन्यात गेलेली जागा दुहेरी कामाला येते. अशा घरात स्लॅब मागच्या कंपाउंडपर्यंत ताणण्याचा मोह मात्र टाळावा. मागचे चार-पाच फूट मोकळे राहिले नाहीत तर आतल्या खोल्या कायमच्या ओलसर राहतात.

### मोठ्या काचांमुळे घर तापणार नाही का? आणि झडीचे काय?

काचेची दिशा योग्य असेल तर तापत नाही. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून सुमारे ५० अंशांवर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन-अडीच फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्याचे ऊन अडते आणि थंडीचे थोडे आत येते. उत्तरेला मोठी काच निर्धास्तपणे द्यावी. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला छज्जा पुरत नाही; आणि आपल्याकडे झडही मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली किंवा खोल पडवी ठेवावी आणि तिथल्या खिडक्या लहान कराव्यात. पाँडिचेरीच्या गोलकोंड वसतिगृहात अँटोनिन रेमंड यांनी भिंतीऐवजी आडव्या हलत्या झडपा बसवल्या, त्यामुळे पाऊस चालू असतानाही वारा आत येत राहतो. चार महिने दारे-खिडक्या बंद ठेवून कुबट वास सोसणाऱ्या घरांनी हा उपाय जरूर विचारात घ्यावा.

छज्जाबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून दीड-दोन इंच आत, अर्ध्या इंचाची सरळ खाच ठेवली तर कडेवरून वळून आत येणारे पाणी त्या खाचेपाशी सुटून खाली पडते. खाच नसेल तर तेच पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत पोचते आणि दोन पावसाळ्यांत तिथे काळा पट्टा उमटतो. सेंटरिंगच्या फळीवर एक लाकडी पट्टी ठोकली की ही खाच जवळजवळ फुकटात होते. नंतर करायची तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. नकाशावर ती दाखवलेली आहे का, हे पाहून घ्यावे.

### भिंतींना गिलावा करावा की दगड, वीट, काँक्रीट उघडे ठेवावे?

आपल्याकडे जांभा, काळा दगड आणि स्थानिक भट्टीची वीट उपलब्ध असल्यामुळे उघड्या भिंतींचा मोह होणे साहजिक आहे. जांभा हवेत राहून कठीण होतो, पण पाणी शोषतो. म्हणून तो पडवीच्या आत, छपराच्या आडोशाला उघडा ठेवावा आणि पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला ठेवू नये. विटा रॅट-ट्रॅप पद्धतीने, म्हणजे उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी सोडत रचल्या, तर सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि भिंत उष्णता कमी आत घेते.

उघडे काँक्रीट हे सर्वांत अवघड काम आहे, कारण सेंटरिंग काढल्यावर दिसेल तेच कायम राहते. फळ्या एकसारख्या हव्यात, व्हायब्रेटर नीट चालवलेला हवा, सळ्यांवर काँक्रीटचे पुरेसे आवरण (कव्हर) हवे आणि पाणी मारणे किमान दहा दिवस, शक्यतो चौदा दिवस व्हायला हवे. आपल्या पावसात त्यावर शेवाळ धरते. सिलेन-सिलोक्सेनसारखे पाणी झटकणारे लेपन देऊन ते काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. एवढी निगा राखण्याची तयारी नसेल तर उघडे काँक्रीट छताच्या आतल्या बाजूपुरते ठेवावे. जाळ्या, रेलिंग, पाण्याच्या वाटांवरची झाकणे यांसाठी मात्र बाहेर शोध घेण्याची गरज नाही. बेळगाव हे ओतकामाचे मोठे केंद्र आहे, आणि नेमके रेखाचित्र दिले तर उद्यमबागेत हवी ती वस्तू बनवून मिळते.

### पाया किती खोल असावा?

मातीवर अवलंबून आहे, आणि शेजाऱ्याने किती घेतला यावरून ठरवू नये. पश्चिमेच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत सहसा अडचण येत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिथे साधा पाया घेतला तर भिंतींना तिरपे तडे जातात; अशा जागी अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब) आणि त्यांना जोडणारी प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) हा खात्रीचा उपाय आहे. भातशेतीवर झालेल्या वसाहतींत पावसाळ्यात पाण्याची पातळी फार वर येते, तेव्हा जोते उंच घ्यावे. माती तपासणीचा खर्च घराच्या खर्चापुढे नगण्य असतो. बेळगाव भूकंपाच्या दृष्टीने तिसऱ्या विभागात धरले जात आले आहे, म्हणून दगड-विटांचे भारवाही बांधकाम असेल तरी जोते, लिंटेल (दार-खिडक्यांचा माथा) आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर सलग काँक्रीटचा पट्टा असलाच पाहिजे.

### पावसाचे पाणी साठवता येते का?

एक हजार चौरस फुटांच्या छपरावर बाराशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे एक लाख अकरा हजार लिटर पाणी जमा होते. त्यातला काही भाग टाकीत आणि उरलेला परड्यातल्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात जाईल अशी सोय पाया खोदतानाच करावी. एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे वेगळे सांगायला नको.

### वास्तुशास्त्र पाळून अशी रचना होते का?

होते. कोणते नियम घरच्यांना मनापासून महत्त्वाचे वाटतात ते आरंभीच सांगावेत. स्लॅब पडल्यावर कोणीतरी येऊन स्वयंपाकघर हलवायला सांगितले तर पाइप, तुळया आणि घरातील शांतता तिन्ही बिघडतात.

### साधे घर स्वस्त पडते का?

अपेक्षेइतके नाही. नक्षी, पीओपी आणि दर्शनी सजावट वाचते, परंतु साध्या घरात चुका झाकायला जागा नसते, त्यामुळे गवंडी आणि सुतार यांच्या कौशल्यावर जास्त खर्च होतो. मोठे सरकते दरवाजे आणि लांब अंतरावरच्या खांबांसाठी लागणारे पोलाद हे दोन खर्च अंदाजपत्रक हाताबाहेर नेतात. खांबांमधील अंतर बारा-तेरा फुटांच्या आसपास ठेवले तर घर मोकळेही वाटते आणि तुळयाही आटोक्यात राहतात. मोठ्या आकाराच्या चकचकीत टाइलऐवजी शहाबादी किंवा कोटा फरशी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. तिच्यावरून पावसाळ्यात पाय कमी घसरतो आणि ती वापराने सुधारते.

### कागदपत्रांची तयारी कशी करावी?

घर कोणाच्या नावावर आहे, हे आधी स्पष्ट व्हावे. आजोबांच्या नावावरची नोंद तशीच राहिली असेल तर वारसा नोंद करून घ्यावी, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क आहे, हे विसरू नये. बहिणींची लेखी संमती नंतर मागण्यापेक्षा आधी घ्यावी. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंदीतील उतारे लागतात. शहरात महानगरपालिकेकडून, किंवा जागा ज्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते त्याच्याकडून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नियम वेगळे आहेत. नोंदी कन्नडमध्ये असतात, आणि आडनाव किंवा गावाचे नाव एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे असे अनेकदा आढळते. कर्जाचा अर्ज त्यामुळेच अडतो, म्हणून सर्व कागद जाणकाराकडून शब्दशः वाचून घेऊन दुरुस्ती आधी करावी.

### काम कधी सुरू करावे?

पावसाळ्यात नकाशे आणि परवानग्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास पाडकाम, नोव्हेंबरात पाया आणि मेच्या मध्यापर्यंत वरचा स्लॅब, असा क्रम साधला तर पहिला पाऊस स्लॅबची परीक्षा घेतो आणि आतले काम कोरड्यात चालू राहते. घाईपोटी टेकू लवकर काढू देऊ नयेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईखालचे २१ दिवस राहिलेच पाहिजेत. बाहेर झुकलेल्या गॅलरीचे टेकू मोकळ्या टोकाकडून काढायला सुरुवात करावी.

### पुढे मुलांसाठी आणखी एक मजला चढवायचा असेल तर?

तो विचार आताच इंजिनिअरला सांगावा, म्हणजे पाया आणि खांब त्या हिशेबाने होतील. पुढच्या मजल्यासाठी खांबांच्या सळ्या गच्चीवर उघड्या सोडण्याची पद्धत मात्र बंद करावी, कारण त्या गंजतात आणि गंज खाली उतरून खालच्या खांबाचे काँक्रीट फोडतो. सळ्या ठेवायच्याच असतील तर त्यांना सिमेंटचा घोल लावून वर कमी सिमेंटच्या काँक्रीटचा छोटा ठोकळा करावा. वेळ येईल तेव्हा तो सहज फोडता येतो.